मेमरीचा डबा

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
६ ऑगस्ट २०२४

दत्तू,

आशीर्वाद तुला. अक्षर एवढं मोठं बघून घाबरू नकोस. चौथीच्या फळ्यावर लिहायचे तसं काळ्या स्केचपेनने लिहितेय, कारण याहून बारीक लिहिलं तर माझं मलाच वाचता येत नाही. फोन करून बघितला होता. मी इकडून ओरडतेय, काय झालं म्हणून आशाबाई पोळी तव्यावर टाकून धावत आली, आणि तू तिकडून आपला "बरं बरं, काकू" म्हणतोयस. तुझ्या कानात यंत्र, माझ्या हातात भिंग. आपल्याला पत्रच बरं.

काम सांगते. माझ्या योगेशचा कॉम्प्युटर अजून आहे. ती रबरी कळांची काळी चपटी पेटी, माझ्या भावाने, कडूमामाने, मस्कतहून आणलेली. तुम्ही दोघं तिच्यापुढे बसलात की मी ठेवलेल्या चहावर साय धरायची, तरी कुणाचं लक्ष नसायचं. त्या पेटीवर त्याने माझ्यासाठी एक खेळ केला होता, आठवतो ना? 'आई घरी चालली.' मी शाळेतून निघते, शनवाऱ्याच्या दरवाज्यातून पुढे येते, मधे गाय आडवी होते, टांगा येतो. हेडमास्तर भेटले की हातात पेपरांचा गठ्ठा देतात आणि माझी चाल निम्मी होते. मावा जिलबीच्या कढईपाशी रेंगाळले तर वेळ जातो. हे सगळं ओलांडून मी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले की खेळ तिथेच थांबायचा. घर दिसायचंच नाही.

मी विचारलं, "अरे, माझं घर कुठे?" तर म्हणतो, "मेमरी भरून गेली, आई. मामा मेमरीचा डबा भेजून राह्यला. तो पेटीच्या मागे लागला की तुझं घर."

डबा आला तेव्हा त्याचं तेरावं होऊन गेलं होतं. सुट्टीत घरी आलेला पोरगा, कावीळ काय होते आणि जातो काय. तुझ्या काकांनी ते पार्सल उघडूच दिलं नाही. आता काकाही नाहीत. डबा कपाटात तसाच आहे, पेटी आहे, कॅसेट आहे.

आता का, असं विचारशील. मला काचबिंदू झालाय. डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर म्हणतात की कडेकडेने मिटत येईल, नळीतून बघावं तसं. कधीपर्यंत, ते काही सांगत नाहीत. तू टेलिफोन खात्यात जन्मभर तारा जोडल्यास, तर ही एक जोडून दे. ट्रंक गच्च भरली की वरची साडी बाहेरच राहते ना, तसं माझं घर बाहेर राहिलंय. डबा लावला की ते पडद्यावर येईल. योगेशने माझ्यासाठी बांधलेलं घर मला एकदा बघायचंय, दिसतंय तोवर.

तुझी
सुलभाकाकू

*

नाशिक
२० ऑगस्ट २०२४

तीर्थरूप काकूंना दत्तूचा नमस्कार,

पत्र वाचलं, पण उत्तराला उशीर झाला. कान गेल्यापासून माझं बोलणंही कमी झालंय, त्यामुळे लिहायला बसलो तरी गाडी लवकर सुरू होत नाही.

खेळ आठवतो. गाय तर चांगलीच आठवते, ती मला कधी जाऊ द्यायची नाही. पण मीही कोपऱ्यापर्यंतच पाहिलाय. पुढचं विचारलं तर योगेश म्हणायचा, आईचं घर आईनेच आधी बघायचं. शेवटच्या सुट्टीत मी इंदूरला होतो. त्या दिवसांत त्याने काय काय केलं, ते मला माहीत नाही.

गणपती झाले की येतो आणि सगळं सामान घेऊन जातो. तुम्ही स्वतः पेटी चालू करून बघू नका, तुमच्याकडे कापडाचे लूम सुरू झाले की वीज कशी वरखाली होते ते मला माहीत आहे. डबाही लावू नका. इतक्या वर्षांत आतले भाग सुकतात, कॅसेटला बुरशी धरते. आधी नीट तपासलं पाहिजे.

आणि काकू, एक विनंती. डबा लावल्यावर काय दिसेल ते मी आधी बघतो, मग तुम्हाला सांगतो. आत्तापासून मनात काही धरून बसू नका.

आपला
दत्तात्रय

*

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
१४ ऑक्टोबर २०२४

दत्तू,

सामान घेऊन गेलास तो गेलासच. पेटी माझ्या जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसमध्ये बसलास ते बघून आशाबाई म्हणाली, "नवरीला सासरी घेऊन चालले का हे?" मी हसले खरी, पण बस वळेपर्यंत तिथेच उभी होते.

परवा दसरा झाला. दरवर्षी मी पूजेत शिवणयंत्राशेजारी ती पेटी मांडायची आणि तिला झेंडूचं एक फूल वाहायची. यंदा तिची जागा रिकामी दिसली. वैशाली इंदूरहून आली होती. ती म्हणाली, "आई, कॉम्प्युटर की भी पूजा?" मी म्हटलं, तुझ्या भावाचं हत्यार तेच होतं.

मनात काही धरू नका, असं तू लिहिलंस. चार भिंतींत एकटं बसणाऱ्या बाईला असं सांगतात होय? माझं धरून झालंय. दुपारी पडल्या पडल्या मी ते घर रचत बसते. त्याने ओटा केला असेल का? ओट्यावर त्याची सायकल असेल का? मी दारात आले की आतून कुणी काही बोलत असेल का? तो वात्रट होता. सरळ घरात येऊ देणारा नव्हता. शाळेतून दमून आले की हा दाराला आतून कडी लावायचा आणि "पासवर्ड सांग" म्हणायचा. मी मेली पिशवी घेऊन उभी, आणि तुझे काका आतून ओरडतायत की उघड रे त्या बाईला.

डोळ्याचं म्हणशील, तर उंबरठा आता पायाला कळतो, डोळ्याला नाही. समोरचं अजून छान दिसतं. म्हणून घाई करते, राग मानू नकोस.

सुलभाकाकू

*

नाशिक
२५ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप काकू,

आधी चांगलं सांगतो. पेटी सुरू झाली. आतले काही सुकलेले भाग बदलले, बाकी सगळं मूळचं आहे. तुमची साडी अजून तिच्याखालीच अंथरलीय. कॅसेटही वाचली. ती किर्रर्र सुरू झाली की तुमची मांजर पळून जायची, आठवतं? मला तो आवाज आता अगदी लांबून आल्यासारखा ऐकू येतो, पण पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायला लागले आणि कळलं की खेळ आत चाललाय. मग तुम्ही शाळेच्या दारात उभ्या राहिलात. हातात पिशवी, पाठीवर वेणी. मी तुम्हाला कोपऱ्यापर्यंत आणलं, गाईला चुकवून.

आता वाईट. कडूमामांनी पाठवलेला डबा या पेटीला चालत नाही. मस्कतच्या दुकानदाराने त्याच कंपनीचा डबा दिला खरा, पण तो त्यांच्या आधीच्या मॉडेलचा. पेटीच्या मागे जी तांब्याची पट्टी आहे ती रुंद आहे आणि या डब्याची खाच अरुंद. जोर करून बसवला तर चुकीच्या तारा चुकीच्या जागी भिडतील आणि दोन्ही जळतील. म्हणून तुमच्या कपाटात तो इतकी वर्षं न उघडता राहिला तेच बरं झालं. योगेशने घाईघाईने लावला असता आणि पेटी गेली असती.

या पेटीला चालणारा डबा आता कुठे तयार होत नाही. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे एखादा मिळाला तर मिळाला. शोधतो, पण वेळ लागेल. तोवर धीर धरा.

आपला
दत्तात्रय

*

नाशिक
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय वैशाली,

हे ईमेलने पाठवतोय, कारण काकूंच्या हातात पडायला नको.

काल त्यांना लिहिलं की डबा जुळत नाही. ते खरं आहे. पण ते लिहून मी दुसरी गोष्ट लपवली, ती तुला सांगतो.

काकूंना वाटतं की घर कॅसेटमध्ये आहेच, फक्त जागा नाही म्हणून पडद्यावर येत नाही. तसं नसतं गं. मेमरीचा डबा म्हणजे रिकामा प्लॉट. त्यावर कुणी काही बांधलं असेल तरच दिसणार. मी खेळाच्या सगळ्या ओळी वाचून काढल्या. कॅसेटच्या दोन्ही बाजू तपासल्या. त्या पेटीत जागाच इतकी थोडी की निम्मी पडद्याच्या चित्रालाच जाते. उरलेल्यात योगेशने अख्खी वाट कोंबली आहे, एकेक ठिपका वाचवून. गाईला त्याने नाव माझं दिलंय. ते वाचून मी हसलो, आणि मग चष्मा काढून ठेवावा लागला.

कोपऱ्यानंतर एकच ओळ आहे. तिच्यात फक्त 'घर' एवढा शब्द लिहून ठेवलाय, पुढे कधीतरी करायचं म्हणून आपण खूण करतो तसा. त्याखाली काही नाही. घर त्याने बांधलंच नव्हतं, वैशाली. तो डब्याची वाट बघत होता.

काकूंना हे कसं सांगू? मला त्यांची काय पत्रं येतात, ते तुला माहीत नाही. त्या रोज दुपारी त्या घरात राहतात. मला वाटलं होतं, डबा जुळत नाही म्हटलं की विषय हळूहळू मागे पडेल. हे नामर्दपणाचं आहे, मला कळतं. तू मुलगी आहेस, तू सांग मी काय करू.

दत्तूदादा

*

इंदूर
४ नोव्हेंबर २०२४

दत्तूदादा,

दिवाळीत बऱ्हाणपूरलाच होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. तिथे आईसमोर फोन उघडायची हिंमतच नाही झाली.

विषय मागे वगैरे काही पडत नाही. तुमचं पत्र आल्याबरोबर तिने मला फोन करून 'रुंद पट्टीवाला डबा' शोधायला लावलं. मीही बँकेतून घरी आले की बसले शोधत, कारण मला वाटलं खरंच तेवढंच अडलंय. जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला आणि त्यातल्या एका गृहस्थांकडे आपल्या मॉडेलचा डबा निघाला, चालू कंडिशनमध्ये. ऑर्डरही करून टाकली. आईला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी मी तुमचा न उघडता पडलेला ईमेल वाचला. अब बताओ.

दादा, मी एक बोलू? तुम्ही बांधा ते घर.

मी तेव्हा सातवीत होते. मला त्याचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो, खोटं कशाला बोलू. पण आईला त्याची वाट बघताना मी सगळं आयुष्य बघितलंय. तिला जर आत्ता सांगितलं की तिथे काहीच नाहीये, तर डोळे जायच्या आधीच ती डोळे मिटून बसेल. तुम्ही त्याच्यासोबत शिकलात, त्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. त्याच्यासारखं करा. किसी को पता नहीं चलेगा. पाप लागलं तर निम्मं माझं.

फक्त जल्दी करा. रांगोळी काढताना तिचे ठिपके एकमेकांवर पडत होते आणि तिला ते कळत नव्हतं.

वैशाली

*

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
२१ नोव्हेंबर २०२४

दत्तू,

डबा पोचला असेल तुझ्याकडे. वैशालीने आधी इथे मागवला, मी हातात घेऊन बघितला आणि मगच तुला पाठवायला लावला. एवढासा तर आहे, साबणाच्या वडीएवढा. यात माझं घर मावणार म्हणतोस? योगेश म्हणायचा तेव्हा मला वाटायचं, चांगला पेढ्यांच्या खोक्याएवढा असेल.

आता तुझी काही सबब चालायची नाही. खाच रुंद आहे, मी बोटाने चाचपून बघितली.

दत्तू, तुला एक सांगायचंय. लोक म्हणतात की इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा. मी सोडलं होतं. काका गेले, वैशाली तिच्या संसारात, माझं बरं चाललं होतं. त्याचे कपडे मी कधीच देऊन टाकले. त्याची पुस्तकं दापोऱ्याच्या शाळेला दिली. त्याचं नवीन असं या जगात काही उरलं नाही, सगळं माझं पाहून झालेलं, पाठ झालेलं. एवढी एकच गोष्ट आहे जी त्याने माझ्यासाठी केली आणि मी अजून बघितलेली नाही. ती बघून झाली की मग संपलं. पण ती असेपर्यंत मला वाटतं की त्याचं माझ्याशी काहीतरी बोलायचं राहिलंय. तुला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे.

म्हणून जे असेल ते मला त्याच्या हातचं बघायचंय. वाकडंतिकडं असलं तरी चालेल. तू शहाणपणा करून त्यात दुरुस्ती करू नकोस.

आशाबाई विचारते, नाशिकवाले कधी येणार. तिला लाडू करायचेत.

सुलभाकाकू

*

नाशिक
२० डिसेंबर २०२४

तीर्थरूप काकू,

उशीर झाला, माफ करा. पत्र लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

डबा बसला. पेटीने तो घेतला. एकच अडचण आहे, या डब्याची बैठक पक्की नाही. पेटी जरा हलली, कळ जोराने दाबली गेली, तर डबा सैल होतो आणि आतलं सगळं क्षणात पुसलं जातं. मग पुन्हा कॅसेट पहिल्यापासून. त्या काळी सगळ्यांनाच हा ताप होता. तुम्ही खेळत असताना मी मागून डबा धरून बसेन.

घर आहे, काकू.

संक्रांत झाली की येतो. वैशालीलाही कळवलंय, ती रविवार धरून येईल. तुमच्याकडचा नवा टीव्ही चालणार नाही, मी जुना घेऊन येतो.

आपला
दत्तात्रय

*

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
४ फेब्रुवारी २०२५

दत्तू,

तू जाऊन पंधरवडा होईल. पोचल्याचं तुझं कार्ड आलं. "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत" असं तू त्यात लिहिलंस. आज बोलते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून वाच, हे पत्र मी कुणाला सांगून लिहून घेणार नाही.

त्या दिवशी किती मजा आली ते आधी सांगते. आशाबाई मागून "बाजूनं घ्या, बाजूनं" म्हणून ओरडतेय, वैशाली टाळ्या पिटतेय. हेडमास्तरांनी गठ्ठा दिला तेव्हा मी खरंच त्यांना शिवी घातली. गाईने मला तीनदा पाडलं. मग कोपरा आला. इतकी वर्षं जिथे थांबायची तिथून माझं पाऊल पुढे पडलं आणि समोर घर आलं. ओटा, तुळस, दाराला तोरण. मी पुढे गेले. दार आपोआप उघडलं आणि वर अक्षरं आली, "ये आई, दमलीस ना?"

दत्तू, घर फार सुंदर केलंस.

वरचा मजला केलास ना तू, जाळीची गॅलरी आणि बाजूने जिना? तो मजला वैशालीच्या लग्नाच्या वेळी तुझ्या काकांनी चढवला. योगेश असताना वर नुसते पत्रे होते. सामान न्यायला आलास तेव्हा समोर उभा राहून फोनवर घराचा फोटो काढत होतास, आशाबाईने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, आठवण म्हणून काढत असेल.

आणि दार. ते असं उघडलं की मला तिथेच कळायला हवं होतं. माझ्या पोराने मला इतक्या सहज घरात घेतलं नसतं.

मी तुला त्या क्षणी सांगणार होते. मान वळवली तर तू पेटीच्या मागे वाकून तो डबा दोन्ही हातांनी धरून बसला होतास. श्वाससुद्धा बेताने घेत होतास, हललं तर सगळं जाईल म्हणून. मग मी नुसतं छान आहे म्हटलं आणि चहा करायला उठले, आणि आत गेल्यावर नळ सोडून रडले.

राग आला तुझा. खूप आला. मी स्वच्छ लिहिलं होतं, त्याच्या हातचं हवं म्हणून. किती दिवस मनात तुला बोल लावत होते. मग वाटलं, मी तरी काय करायला लावलं तुला? नसलेलं घर मागितलं. मेमरी लावली की घर येईल असं मी धरून बसले, आणि मला खरं सांगायची तुला सोयच ठेवली नाही. आता समजलं की त्याने ते केलंच नव्हतं. करायचं होतं, आणि राहिलं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर सहन झालं नसतं, हेही खरं.

वैशालीला काही कळवू नकोस. ती सगळ्यांना सांगत सुटलीय की दादाचं घर बघितलं. तिला भाऊ फार थोडा मिळाला. तिच्याकडे असू दे ते घर.

पण माझं एक काम कर. होळीच्या आत पुन्हा ये, आणि ये तेव्हा तो डबा आणू नकोस. नुसती पेटी आणि योगेशची कॅसेट आण. तू केलेल्या घरात मी शिरले ना, तेव्हा मला एकदम एकटं वाटलं. मागे वळून बघावंसं वाटलं. तो त्या कोपऱ्यावरच राहिला होता, दत्तू. गाय त्याची, टांगा त्याचा, माझी वेणीसुद्धा त्याने एकेक ठिपका ठेवून घातलेली. कोपऱ्यापर्यंत सगळी वाट त्याच्या हातची आहे आणि तिथपर्यंत तो माझ्याबरोबर चालतो. मला आता घरी जायचं नाही. तेवढंच पुन्हा पुन्हा चालायचंय.

उजव्या डोळ्याने अजून मधलं थोडं दिसतं. कोपऱ्यापर्यंत पुरेल.

तुझी
सुलभाकाकू